पऱ्हाटीतले खाणारे आणि खाल्ले जाणारे

(जिल्हा मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कापसाचा भाव, वीजबिल, कर्ज यांवर बोलणारे माझ्यानंतर पुष्कळ आहेत. मला अर्धा तास दिला आहे तो किडींवर बोलायला. कीड म्हटली की आपण पहिला प्रश्न विचारतो, औषध कोणते मारू? दुकानातल्या एकाही औषधाचे नाव मी आज सांगणार नाही. मुळात आपण विषाला औषध म्हणतो इथूनच घोटाळा सुरू होतो. आज मी सांगणार आहे ते किडे एकमेकांना कसे खातात ते. दुसऱ्या जातीच्या किड्याला तर खातातच, पण आपल्याच जातीच्या, एकाच आईच्या भावंडालाही खातात. मागे कुणीतरी हसले. हसा, पण हा हिशेब तुमच्या खिशाचा आहे.

हिरव्या बोंडअळीपासून सुरुवात करू. कपाशीवर तिला आपण अमेरिकन बोंडअळी म्हणतो, हरभऱ्यावर घाटेअळी म्हणतो, तुरीवर शेंगा पोखरणारी अळी म्हणतो. नावे तीन, अळी एकच. २००२ साली बीटी कपाशी आली तेव्हापासून ती पऱ्हाटीत पूर्वीइतकी दिसत नाही, पण तूर-हरभऱ्यावर ती आहेच. हिची मादी पतंग रात्री फिरते आणि एका जागी एक अशी सुटी अंडी घालते. एका मादीची अंडी हजाराच्या घरात जाऊ शकतात. आता पाटीवर हिशेब मांडा. हजार अंड्यांतून हजार पतंग झाले, त्यातल्या पाचशे माद्या धरल्या, तर पुढच्या पिढीला पाच लाख अंडी. एक पिढी साधारण महिनाभराची. मृगापासून दिवाळीपर्यंत या जिल्ह्यात हिरवे पान उरायला नको. पण तसे होत नाही. एखादे वर्ष वाईट जाते, एखादे बरे जाते, आणि सरासरीने पतंग होते तेवढेच राहतात. म्हणजे हजारातून दोन जगतात, एक नर आणि एक मादी. बाकीचे नऊशे अठ्ठ्याण्णव मरतात.

हे नऊशे अठ्ठ्याण्णव कोण मारते?

काही अंडी फुटतच नाहीत. काही पावसाच्या सरीने धुऊन जातात. काही मुंग्या नेतात. काहींच्या आत गांधीलमाशीच्या जातीची, टाचणीच्या टोकाएवढी माशी आपले अंडे घालते आणि आतून पोखरते. काही कोळी खातात, काही ढेकणाच्या जातीचे शिकारी किडे सोंड खुपसून शोषतात. मोठ्या झालेल्या अळ्या साळुंकी आणि कोतवाल उचलतात. आणि बऱ्याच अळ्यांना त्यांची भावंडेच खातात.

तुम्ही कधी विचार केला आहे का, की एका बोंडात हिरवी अळी बहुधा एकच का सापडते? बोंडात दोघींना पुरेल एवढे खाणे असते. पण एक शिरली आणि दुसरी आली, की मोठी धाकटीला धरते. लहान असताना त्या एकमेकींच्या वाटेला फारशा जात नाहीत. दोन-तीन वेळा कात टाकून अंगाने भरल्या की समोर येईल तिला चावतात. मादी अंडी सुटी घालते, त्यामागेही हे एक कारण असावे असे मला वाटते. प्रयोगशाळेत ही अळी वाढवायची झाली तर खण पाडलेल्या तबकात प्रत्येक खणात एकच ठेवावी लागते. शंभर अळ्या एका डब्यात ठेवून आठ दिवसांनी उघडून पाहा. चारा कितीही घातला असला तरी शंभर मोजून मिळायच्या नाहीत.

२०१८ साली कर्नाटकात पहिल्यांदा दिसलेली आणि त्याच वर्षी आपल्याकडे मक्यावर-ज्वारीवर आलेली अमेरिकन लष्करी अळी तर याहून पुढची. तिची मादी शेकड्याने अंडी एका पुंजक्यात घालते. अळ्या बाहेर पडल्या की धाग्याला लोंबकळून वाऱ्यावर आजूबाजूच्या धाटांवर पसरतात. एकेका पोंग्यात सुरुवातीला अनेक असतात. पंधरा दिवसांनी पोंगा उकलून पाहिला तर एक, फार तर दोन. बाकीच्या कुठे गेल्या? काही मेल्या, काही दुसरीकडे गेल्या आणि बऱ्याच त्या उरलेलीच्या पोटात गेल्या.

यावर लगेच खूश होऊ नका. अळीने अळी खाल्ली म्हणजे आपले काम झाले असे नव्हे. उरते ती सगळ्यांत दांडगी, आणि पोंग्याची चाळणी करायला ती एकटी पुरते. सांगायचे एवढेच, की झाडावर आज दिसणाऱ्या अंड्यांची आणि सुतासारख्या अळ्यांची संख्या म्हणजे उद्याचे नुकसान नव्हे.

आता आपल्या बाजूच्या किड्यांकडे वळू. निंदणाऱ्या बायांनी हे माझ्यापेक्षा जास्त पाहिलेले आहे, कारण पानाखाली नजर त्यांची जाते, आपली जात नाही. ढालकिडा सगळ्यांना माहीत आहे. लाल-नारिंगी, पाठीवर काळे ठिपके किंवा नागमोडी पट्टे, कुंकवाच्या करंड्याच्या झाकणासारखा. तो मावा खातो हेही माहीत आहे. पण त्याची अळी कुणी ओळखत नाही. काळपट, अंगावर नारिंगी डाग, मगरीसारखी लांबोडकी. ती मोठ्या ढालकिड्याइतकीच खादाड, आणि आपण तिलाच कीड समजून चिरडतो. तिची अंडी पिवळी, उभी, पंधरा-वीसच्या झुपक्यात असतात. झुपक्यातली जी आधी फुटतात त्यातली पिल्ले पहिले जेवण कुणाचे करतात? शेजारच्या न फुटलेल्या अंड्यांचे. म्हणजे भावंडांचे.

आपल्याला हे क्रूर वाटते. पण त्या पिल्लाचा विचार करा. डोळ्यांनी नीट दिसत नाही, पाय सुतासारखे, आणि पहिला मावा सापडेपर्यंत पान-पान हिंडायचे. पोटात एक अंडे असेल तर ते दोन पावले जास्त चालते. मावा भरपूर असेल त्या वर्षी मोठे ढालकिडे आपल्या जातीची अंडी कमी खातात, मावा संपला की जास्त खातात. शेतात चारा किती आहे त्यावर त्यांचे कुटुंब आपोआप बेतले जाते. त्यासाठी त्यांना कुठलेही खाते लागत नाही.

दुसरा आपला गडी क्रायसोपा. मोठा झाला की हिरव्या जाळीदार पंखांचा, रात्री दिव्यावर येणारा नाजूक किडा. फुलातला रस, पराग आणि माव्याचा चिकटा यांवर जगणारा अगदी माळकरी. त्याची अळी मात्र पक्की खाटीक. विळ्यासारखे दोन दात माव्यात खुपसते, रस ओढते आणि कातडे टाकून पुढे जाते. मोठी होईपर्यंत शेकडो मावे संपवते. याची अंडी पाहिली आहेत का? पानावर केसासारखा उभा दांडा आणि त्याच्या टोकाला एक अंडे. जाणकार सांगतात, मुंग्यांपासून तर हे संरक्षण आहेच, शिवाय आधी फुटलेल्या भावाने उरलेल्यांना खाऊ नये म्हणूनही आहे. म्हणून क्रायसोपाच्या अळ्या आणल्या तर पिशवीत दाबून ठेवून दुसऱ्या दिवशी सोडू नका. संध्याकाळी आणा, भुश्यात मिसळा आणि लगेच सगळ्या शेतात विरळ टाका. पिशवी रात्रभर घरात राहिली तर सकाळी पैसे मोजले तेवढ्या अळ्या त्यात नसणार. मग लोक म्हणतात, प्रयोगशाळेने फसवले.

या विषयात दंतकथाही फार आहेत. विंचवाची पिल्ले आईला खाऊन जन्मतात असे आपल्याकडे सर्रास सांगतात. ते खोटे आहे. विंचवीण पिल्लांना पाठीवर घेऊन फिरते आणि पिल्लांनी पहिली कात टाकली की ती उतरून आपापल्या वाटेने जातात. आईला खरोखर खाणारी पिल्ले वेगळीच आहेत. बांधावरच्या बाभळी-बोरींवर मळकट जाळ्याचा गुंता दिसतो, पाचोळा अडकलेला. तो एकत्र राहणाऱ्या कोळ्यांचा वाडा असतो. त्यातल्या आया पिल्लांना आधी तोंडातून खाणे भरवतात आणि शेवटी पिल्ले आईलाच शोषून घेतात. खंडोबाच्या किड्याची मादी नराला खाते हे मात्र खरे आहे, पण दर वेळी नाही. भुकेली असेल तर खाते, पोट भरलेले असेल तर नर सुटतो.

आता मुद्द्याचे. हे सगळे खाणारे शेतात असताना आपण फवारा मारला तर काय होते? कीडही मरते आणि खाणाराही मरतो. फिटंफाट झाली असे वाटते. पण ती फिटंफाट नव्हे, आणि हे कळायला शेतीच्या नव्हे, माशांच्या हिशेबाचा उपयोग झाला.

इटलीजवळच्या एड्रियाटिक समुद्रात पहिल्या महायुद्धाच्या वर्षांत मासेमारी जवळजवळ थांबली होती. युद्धानंतर दांकोना नावाच्या प्राणिशास्त्रज्ञाने तिथल्या बंदरांतल्या मासळी बाजाराच्या वह्या काढल्या. फियुमे बंदरात १९१४ साली विक्रीला आलेल्या मासळीत दुसऱ्या माशांना खाणारे शार्कसारखे मासे शेकडा १२ होते, १९१८ साली शेकडा ३६. माणसाने जाळे टाकणे थांबवले तर खाणारे वाढले आणि खाल्ले जाणारे त्या मानाने कमी झाले. त्याने हे गणिती व्होल्तेराला विचारले. व्होल्तेराने १९२६ साली गणित मांडून दाखवले की खाणारा आणि खाल्ला जाणारा या दोघांनाही सारख्याच प्रमाणात मारत राहिले तर सरासरीने खाल्ला जाणारा वाढतो आणि खाणारा घटतो.

आता जाळ्याच्या जागी फवारा ठेवा. फवाऱ्यातून वाचलेल्या माव्यापुढे सगळे पान मोकळे आणि मारणारा कुणी नाही. माव्याच्या मादीला नर लागत नाही. ती थेट पिल्ले देते आणि ती पिल्ले आठवडाभरात स्वतः पिल्ले द्यायला लागतात. फवाऱ्यातून वाचलेल्या ढालकिड्यापुढे मात्र खायलाच नाही. तो उपाशी मरतो, उडून जातो किंवा आपलीच अंडी खातो. त्याची पिढी तयार व्हायला दोन-तीन आठवडे लागतात. तेवढ्यात मावा किती पुढे गेला असेल ते सांगायला नको.

आणि आता त्या हजार अंड्यांकडे परत या. निसर्ग हजारातले ९९८ मारतो. फवाऱ्याने नव्वद टक्के मेले तर आपण दुकानदाराला शाबासकी देतो. नव्वद टक्के म्हणजे नऊशे. शंभर उरले. त्या शंभरांना मारणारे आपण त्याच दिवशी मारलेले असतील तर दोनाच्या जागी किती पतंग होतील? म्हणून दुसरा फवारा लागतो, मग तिसरा.

हा हिशेब शेतातही खरा ठरलेला आहे, आणि तोही कापसाच्या. दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशात कान्येते नावाचे खोरे आहे. तिथल्या कापूस उत्पादकांनी १९४९ पासून डीडीटी, बीएचसी अशी त्या वेळची नवी विषे वापरायला सुरुवात केली. पहिली चार-पाच वर्षे उत्पादन चढत गेले. सगळे इतके खूश, की विमानाने फवारता यावे म्हणून शेतातली झाडे तोडली. पक्षी गेले, शिकारी किडे गेले. ज्यांना पूर्वी कुणी कीड म्हणत नव्हते असे किडे कीड होऊन बसले. आठ-पंधरा दिवसांची फवारणी तीन-तीन दिवसांवर आली. १९५६ च्या हंगामात पीक कोसळले. पुढे त्या खोऱ्यातल्या शेतकऱ्यांनीच सरकारकडून नियम करून घेतले. नवी विषे बंद, पेरणी ठरलेल्या वेळी, खोडवा ठेवायचा नाही, बाहेरून शिकारी किडे आणून सोडायचे. दोन-तीन वर्षांत पीक सावरले.

आपल्याकडे आंध्रच्या गुंटूर-प्रकाशम भागात १९८७ साली असेच झाले. नव्या विषांवर भर, आधी पांढऱ्या माशीचा उद्रेक, मग हिरवी अळी कशालाच दाद देईना. त्या हंगामाने किती घरे बसवली ते तिकडच्या शेतकऱ्याला विचारा. आणि २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात तर फवारणी करता करता विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात पडले. त्या फवाऱ्यांतले किती गरजेचे होते, हा प्रश्न कुणीतरी विचारायला हवा होता.

उलट उदाहरणही आपल्याच देशातले आहे. २००६-०७ च्या सुमारास कपाशीवर पिठ्या ढेकूण आला तेव्हा काय गोंधळ उडाला होता आठवते का? विष मारून लोक थकले. मग त्याच्या अंगात अंडे घालणारी एक बारीक माशी आपसूक पसरली आणि दोन-तीन हंगामांत पिठ्या ढेकूण आटोक्यात आला. तिच्या नावाने कुणाला बिल आले नाही.

आता कुणी म्हणेल, मग फवारायचेच नाही का? मी तसे म्हणत नाही. मित्रकिड्यांचेही भजन करायला नको. गुलाबी बोंडअळीपुढे यांचे फारसे चालत नाही. अंड्यातून निघाली की ती लगेच पातीत किंवा बोंडात शिरते आणि आत बसते. तिथे ना ढालकिडा पोचतो ना क्रायसोपा. तिला मारायचे तर अंड्यावरच, किंवा पतंगालाच. कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग सापडले की डोळे उघडा. फरदड ठेवू नका. शेजाऱ्याने ठेवली तर त्यालाही समजवा, कारण पतंगाला धुरा दिसत नाही. तुडतुड्यांनाही शिकारी किडे पूर्ण आवरत नाहीत. पानावर लव असलेले वाण घ्यावे हे त्यावर जास्त खरे. पण मावा, पांढरी माशी आणि हिरव्या अळीची अंडी यांच्यावर आपला फुकटाचा गडी काम करतो, आणि त्याला आपण मृगापासून पोळ्यापर्यंतच्या पहिल्या दोन महिन्यांतच मारून टाकतो. पहिला फवारा जितका उशिरा घेता येईल तितका हा गडी शेतात टिकतो.

त्याला टिकवायचे कसे? आपल्या आजोबांची पद्धत आठवा. कपाशीत ज्वारीच्या ओळी असत, तुरीचा पाटा असे, कडेला चवळी. ज्वारीवर जो मावा येतो तो कपाशीवर जात नाही, त्याची जात वेगळी. पण ज्वारीच्या माव्यावर वाढलेला ढालकिडा आणि क्रायसोपा कपाशीवर येतो. म्हणजे ज्वारीच्या चार ओळी हा आपल्या गड्याचा खुराक. ज्वारीच्या कणसावर हिरवी अळीही येते हे खरे. पण तिथे ती उघड्यावर सापडते आणि पक्ष्याला बसायला कणीस असते.

फवारायचे की नाही हे ठरवताना शेतात तिरपे चालत वीस झाडे पाहा. खडूने खूण करा. किडी मोजा आणि खाणारेही मोजा. दोन-तीन दिवसांनी त्याच झाडांवर पुन्हा मोजा. बारीक अळ्या कमी झालेल्या दिसल्या आणि पानाखाली ढालकिड्याची पिल्ले असली, तर पंप घरी ठेवा. अळ्या अंगाने भरायला लागल्या आणि झाडागणिक एक दिसायला लागली, तर थांबू नका, कारण मोठी अळी विषालाही जुमानत नाही. आधी पाहा, मग मारा. आज आपण आधी शेजाऱ्याचा पंप पाहतो.

तूर-हरभरावाल्यांसाठी आणखी एक गोष्ट. कधी कधी अळी शेंड्यावर चढून खाली डोके करून लोंबकळलेली, काळपट, पाणी भरल्यासारखी दिसते. ती एका विषाणूने मेलेली असते. तिला दुसऱ्या अळीने खाल्ले की तीही मरते. म्हणजे भावंडे खाण्याच्या त्यांच्या सवयीनेच रोग पसरतो. याच विषाणूला एचएनपीव्ही म्हणतात. एकरी शंभर रोगट अळ्यांमधला विषाणू फवाऱ्याला पुरतो. अळ्या वाटा, फडक्याने गाळा, थोडा गूळ आणि नीळ घाला, आणि फवारा संध्याकाळीच मारा, कारण उन्हात विषाणू टिकत नाही. अळ्या बारीक असतानाच मारा, म्हणजे लागू पडतो. माणसाला, जनावराला, मधमाशीला त्याने काही होत नाही. ढालकिड्यालाही होत नाही.

माझा वेळ संपला अशी चिठ्ठी आली आहे. मंडपाबाहेर डाव्या हाताला टेबलावर चार बाटल्या ठेवल्या आहेत. ढालकिडा, त्याची अळी, दांड्यावरची अंडी आणि क्रायसोपाची अळी. जेवायला जाण्यापूर्वी ओळख करून घ्या, विशेषतः मायबहिणींनी, आणि उद्या निंदताना त्या चिरडू नका. शेवटच्या बाटलीत सकाळी आम्ही तीन अळ्या सोडल्या होत्या. तुम्ही पाहायला जाल तेव्हा दोन किंवा एकच दिसली, तर कुणी चोरली म्हणून कार्यकर्त्यांशी भांडू नका.